शेजारच्या देशातला रुपया : नेपाळ-प्रवासातील नाणेव्यवहाराचा इतिहास

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या कमरेला पूर्वी कसा असे. आज त्याच्या खिशात भ्रमणध्वनी असतो. साधन बदलले, तरी सीमा ओलांडताना मनात येणारा प्रश्न बदललेला नाही. आपला पैसा तेथे चालेल काय, आणि चाललाच तर किती मोलाने चालेल? महाराष्ट्रापासून दूर, उत्तर भारतात घर करून राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांना हा प्रश्न पुस्तकी नाही. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर, लुंबिनी यांच्या यात्रा मंडळाच्या अनेक सभासदांनी केल्या आहेत व पुढेही होतील. रक्सौलचा किंवा सोनौलीचा नाका ओलांडला की दुसरा देश लागतो. परंतु पारपत्राची सक्ती नाही, पाट्या देवनागरी, देव ओळखीचे, आणि दुकानदार आपली नोट निमूटपणे हातात घेतो. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, हा मुलूख नावापुरताच परका आहे आणि आपला रुपया येथे चालतो तो जणू निसर्गनियमाने.

हा समज खरा नाही. शेजारी आपले नाणे घेतो तेव्हा तो आपल्यावर विश्वास टाकीत असतो. त्या विश्वासाला मोठा इतिहास आहे. त्यात व्यापार आहे, युद्ध आहे, आश्रयाला गेलेल्या राजकुळांचे दागिने आहेत, नाशिकला छापलेल्या नोटा आहेत, आणि अलीकडच्या काळात बसलेला एक धक्काही आहे. सरकारी सेवेच्या निमित्ताने सीमावर्ती ठाण्यांवर आमचे पुष्कळदा जाणे झाले. तेथे जे पाहिले, आणि त्या कुतूहलापोटी पुढे जे वाचले, त्याचा गोषवारा या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घरचा बट्टा

आपल्या पणजोबांना हा विषय समजावून सांगण्याची गरज पडली नसती. अठराव्या शतकातील महाराष्ट्रात एकच एक रुपया नव्हताच. चांदवडी निराळा, अंकुशी निराळा, निजामाच्या मुलखातला निराळा. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ तो दगडावर वाजवून पाही, झीज पारखी, शिक्का वाची आणि बट्टा कापून घेई. काशीयात्रेला निघालेला गृहस्थ रोख रक्कम बरोबर थोडीच ठेवी. बाकीचा भरणा पेढीवर करून तो हुंडी घेई. दर्शनी हुंडी असेल तर दाखविताच पैसे, मुदती असेल तर ठरल्या मितीला. कागदाच्या त्या चिटोऱ्यावर पुण्याचा सावकार आणि काशीचा सावकार यांचा परस्परांवरील भरवसा लिहिलेला असे. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो. अब्रू आणि नाणे यांना आपल्या भाषेने एकाच तराजूत घातले, ते उगीच नव्हे.

एका देशात दोन रुपये चालणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांनी तर विसाव्या शतकातही अनुभवले. हैदराबाद संस्थानचा हाली शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार असे दोन रुपये तेथे शेजारी शेजारी नांदत. ढोबळ हिशेबाने सात हाली म्हणजे सहा कलदार. औरंगाबादेहून मनमाडकडे निघालेल्या माणसाला तिकिटाबरोबर हा त्रैराशिकाचा हिशेबही करावा लागे. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज नाणे होते. आधी रुपिया व तांगा, १९५९ पासून एस्कुदो. सावंतवाडीचा माणूस सासुरवाडीला म्हापशास गेला तरी त्याला परदेशी चलन हाताळावे लागे. नेपाळच्या बाजारात ‘कोणता रुपया?’ असा प्रश्न ऐकून आपल्या मुलांना नवल वाटते. त्यांच्या आजोबांना ते वाटले नसते.

मोहर आणि युद्ध

नेपाळच्या जुन्या नाण्याचे नाव मोहर. आपल्याकडे मोहर म्हटले की सोने आठवते. तेथील मोहर मात्र चांदीची, सुमारे साडेपाच ग्रॅम वजनाची, म्हणजे आपल्या अर्ध्या रुपयाच्या आसपास. सोळाव्या शतकात काठमांडूचा राजा महेंद्र मल्ल याने चांदीचे नाणे पाडले, आणि सतराव्या शतकात काठमांडू, पाटण व भक्तपूर या तिन्ही मल्ल राज्यांत मोहर रूढ झाली. चांदीच्या या कारागिरीत नेवार सोनारांनी कमाल केली होती. एक ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाइतक्या वजनाचे चांदीचे नाणेही त्यांनी घडविले, आणि ते जगातील सर्वांत लहान नाण्यांत मोजले जाते.

ही नाणी नेपाळपुरती नव्हती. हिमालयापलीकडे तिबेटात त्या काळी स्वतःची टांकसाळ नव्हती. तिबेटी व्यापारी चांदी पाठवीत, नेपाळी राजे तिची नाणी पाडून परत धाडीत, आणि मधला नफा स्वतःकडे ठेवीत. घाटातून मीठ, लोकर आणि चांदी खाली येई. तांदूळ, कापड आणि मोहरा वर जात. तिबेटात सुट्या पैशांची अडचण पडे तेव्हा लोक ही नाणी कापून तुकडे चालवीत. शेजाऱ्याच्या टांकसाळीवर एका संपूर्ण देशाने विसंबून राहावे, असे हे विलक्षण उदाहरण होय.

परंतु नफ्याची चटक लागली की हात आखडता राहत नाही. अठराव्या शतकात मल्ल राजांनी तिबेटला जाणाऱ्या नाण्यांत तांब्याची भेसळ वाढवीत नेली. १७६८-६९ मध्ये गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याने काठमांडूचे खोरे जिंकले आणि चोख चांदीची नवी मोहर पाडली. नव्या राजाचे म्हणणे असे की, जुन्या खोट्या नाण्यांना त्यांतील चांदीइतकेच मोल मिळावे. तिबेटचे म्हणणे असे की, ती नाणी आम्ही चोख म्हणून घेतली. दोष पाडणाऱ्याचा, तेव्हा तोटा आम्ही का सोसावा? दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परीने खरे होते, आणि म्हणूनच तंटा मिटेना. तो वीस वर्षे चालला. मिठाच्या व्यापाराची व इतर कुरबुरींची त्यात भर पडली आणि १७८८ मध्ये गोरखा सैन्य तिबेटात उतरले. १७८९ च्या तहान्वये तिबेटने दरसाल सुमारे ५०,००० रुपये देण्याचे कबूल केले. ते थकले, तेव्हा १७९१ मध्ये पुन्हा स्वारी होऊन शिगात्से येथील ताशी-ल्हुन्पो मठ लुटला गेला. आता चीनचा सम्राट मध्ये पडला. १७९२ मध्ये त्याचे सैन्य हिमालय ओलांडून काठमांडूपासून थोड्याच मजलांवर येऊन ठेपले आणि नेपाळला तह करावा लागला. त्यानंतर ल्हासात तिबेटची स्वतःची नाणी नियमाने पडू लागली आणि काठमांडूचा तो जुना नफा कायमचा बुडाला.

खोट्या नाण्याचा तोटा कोणी सोसावा, एवढ्या एका प्रश्नापोटी हिमालयाच्या दोन्ही अंगांना रक्त सांडले. हा प्रश्न पुढे आणखी एकदा आपल्या भेटीस येणार आहे, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

जाता जाता मराठी वाचकाला जिव्हाळ्याची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. शाह राजांच्या मोहरांवर गोरखनाथाबरोबर ‘श्री भवानी’ ही अक्षरे कोरलेली असत, आणि कालगणना असे ती शालिवाहन शकाची. १९११ पर्यंत ही पद्धत चालली, मग विक्रम संवत आला. काठमांडूच्या संग्रहालयात अशी मोहर पाहताना तुळजापूरच्या देवीचे नाव आणि आपल्या पंचांगातला शक एकाच नाण्यावर दिसतात, आणि घरापासून इतक्या दूर क्षणभर आपण ओळखीच्या अंगणात आल्यासारखे वाटते.

कंपनी रुपया आणि पेशव्यांचे जवाहीर

१८१६ च्या सुगौलीच्या तहाने इंग्रज आणि नेपाळ यांच्यातील युद्ध संपले. युद्धकाळातच गोरख्यांची इंग्रजी पलटणींत भरती सुरू झाली होती. पलटणीतला पगार भारतीय रुपयांत मिळे. शिपाई सुटीवर डोंगरात जाई तेव्हा ते रुपये त्याच्या गावी पोहोचत. इकडे तराईत धान्य, लाकूड, तूप यांचा सारा व्यापार गोरखपूर, चंपारण, दरभंगा या बाजूंशी. तेव्हा तेथेही चलती भारतीय रुपयाचीच. लोक त्याला ‘कंपनी’ म्हणत. कंपनी सरकार १८५८ मध्ये गेले, पण नाण्यामागे तिचे नाव कितीतरी वर्षे चिकटून राहिले. काठमांडूच्या खोऱ्यात मोहर आणि तराईत कंपनी, अशी एका राज्याची दोन चलनी राज्ये झाली होती.

याच काळात मराठ्यांच्या इतिहासाचे एक करुण पान नेपाळात उलगडले. १८५१ मध्ये बाजीराव दुसरे ब्रह्मावर्ती वारले आणि त्यांची सालिना आठ लाखांची नेमणूक इंग्रजांनी बंद केली. १८५७ चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे आपल्या कुटुंबकबिल्यासह तराईच्या जंगलात शिरले. लखनौची बेगम हजरत महलही तिकडेच गेली. ती १८७९ मध्ये काठमांडूतच निवर्तली. पेशव्यांच्या घरातील स्त्रियांना राणा जंगबहादुराने काठमांडूस थापाथली येथे आश्रय दिला, आणि त्यांच्याजवळील मौल्यवान जवाहिरापैकी काही त्याच्या जामदारखान्यात विकत जमा झाले, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे.

या घटनेचा नाणेव्यवहाराच्या दृष्टीने विचार केला तर मन विषण्ण होते. ज्यांच्या शिक्क्याने एकेकाळी अर्ध्या हिंदुस्थानात व्यवहार झाले, ज्यांच्या सावकारांच्या हुंड्या काशी-प्रयागपर्यंत वटल्या, त्यांच्या घरच्या बायकांपाशी परमुलखात चालेल असे एकच चलन उरले होते : अंगावरचे दागिने. नाण्यामागे राज्य उभे असते तोवर ते नाणे. राज्य गेले की चांदी उरते, आणि ती विकत घेणारा सांगेल तो तिचा भाव.

नाशिकच्या नोटा, काठमांडूची बँक

नेपाळने आपले चलन आधुनिक साच्यात बसविण्यास प्रारंभ केला तो विसाव्या शतकात. १९३२ मध्ये दोन मोहरांचा एक नेपाळी रुपया ठरला. पन्नास पैशांना ‘मोहर’ आणि पंचवीस पैशांना ‘सुका’ म्हणणारी माणसे तेथे अजूनही भेटतात. १९३७ मध्ये नेपाळ बँक लिमिटेड ही पहिली बँक निघाली. १९४५ मध्ये राजा त्रिभुवन यांच्या चित्राच्या पहिल्या कागदी नोटा आल्या. ५, १० आणि १०० अशा किमतींच्या. त्या कोठे छापल्या असतील? आपल्या नाशिकला! नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यातून निघालेला हा कागद गंगा ओलांडून काठमांडूच्या मुलुकीखान्यात, म्हणजे सरकारी खजिन्यात, जाऊन पोहोचला. फाळणीनंतर पाकिस्तानच्या पहिल्या नोटाही भारतीय नोटांवर त्या देशाचे नाव जादा छापूनच निघाल्या होत्या, आणि १९४८ च्या ३० जूनपर्यंत त्या देशाच्या चलनाची व्यवस्था भारताची रिझर्व्ह बँकच पाहत होती. गोदावरीकाठच्या कामगारांनी आपल्या शेजाऱ्यांचे खिसे किती काळ भरले, याची जाणीव नाशिककरांनाही क्वचितच असते.

नोटा आल्या तरी दुहेरी चलनाचा घोळ संपला नाही. भारतीय व नेपाळी रुपयांचा परस्परांतील भाव बाजार ठरवी आणि तो सारखा हेलकावे खाई. शेतकऱ्याने धान्य एका रुपयात विकावे, सारा दुसऱ्या रुपयात भरावा आणि मधल्या मध्ये बट्टेवाल्याने आपले पोट भरावे, असा प्रकार होता. २६ एप्रिल १९५६ रोजी नेपाळ राष्ट्र बँक स्थापन झाली. १९५७ मध्ये नेपाळी चलनाचा प्रसार वाढविण्यासाठी कायदा झाला. तराईच्या गावोगावी चलन बदलून देणारी केंद्रे उघडली. नेपाळीत या बदलास ‘सटही’ म्हणतात. तो शब्द सीमेवरील पाट्यांवर आजही दिसतो. आपल्याच देशात आपलेच नाणे रुजविण्यासाठी सरकारला गावोगाव फिरावे लागले. नेपाळात आपला रुपया हक्काने पुढे करणाऱ्या प्रवाशाने ही हकिकत जरूर ध्यानात घ्यावी.

एप्रिल १९६० मध्ये १०० भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये असा दर सरकारी रीतीने ठरला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, नेपाळने केले नाही, आणि एका रात्रीत हा दर शंभरास सुमारे १०१ वर आला. म्हणजे पूर्वीच्या दराने नेपाळी माल घेणाऱ्या भारतीयाला तोच माल दीडपटीहून महाग झाला. १९६७ च्या डिसेंबरात नेपाळनेही अवमूल्यन करून दर १३५ केला. पुढे काही बदल होत होत १२ फेब्रुवारी १९९३ रोजी तो पुन्हा १६० वर आला, आणि तेथेच स्थिर राहिला. तीन दशकांहून अधिक काळ दोन देशांच्या चलनांनी एकमेकांचा हात सोडलेला नाही, ही गोष्ट जगात फारशी आढळत नाही.

हे स्थैर्य फुकट मिळत नाही. नेपाळ भारतास जेवढा माल विकतो त्याहून कितीतरी अधिक घेतो. ती तूट भरण्यासाठी नेपाळ राष्ट्र बँकेला डॉलर विकून भारतीय रुपये घ्यावे लागतात. आखातात, मलेशियात राबणाऱ्या नेपाळी तरुणांनी घरी पाठविलेला पैसा त्या डॉलरांमागे आहे. काठमांडूचा दुकानदार आपल्याला सहजपणे १.६ चा हिशेब सांगतो, त्या सहजपणाखाली एवढा घाम आहे.

वचन देणारा कागद

आता अलीकडच्या त्या धक्क्याविषयी. नेपाळात भारतीय चलन फार वर्षे चालत आले. पण मोठ्या किमतीच्या नोटांबाबत, बनावट नोटांच्या भीतीने, दोन्ही सरकारे सावध असत आणि शंभराच्या वरची नोट नेण्यास बंदी असे. २०१५ च्या सुमारास ती सैल होऊन ५०० व १००० च्या नोटा एकूण २५,००० रुपयांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे पुण्या-मुंबईत रखवालदारी करणारे, हॉटेलात राबणारे, दिल्ली-लुधियान्यात कारखान्यांत काम करणारे लक्षावधी नेपाळी लोक आपली बचत याच नोटांच्या रूपाने घरी नेत. २००८ पासून भारतातील बँकांतून नेपाळात पैसे पाठविण्याची सरकारमान्य सोय झाली. पण ज्याच्यापाशी बँकेचे खाते नाही, त्याची बँक म्हणजे कमरेचा कसाच.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री या नोटा रद्द झाल्या. भारतातील नागरिकांना त्या बँकेत भरण्यास मुदत मिळाली. नेपाळातील सामान्य माणसाला ती सोय नव्हती. नेपाळ राष्ट्र बँकेपाशी व लोकांपाशी असलेल्या जुन्या नोटांचे काय करावे, याविषयी दोन्ही देशांत पुढे बोलणी झाली. पण वर्षे लोटली तरी त्या बदलून मिळाल्या नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे अनेकांना ती आगळीक वाटली. मागील दोन वर्षांचा अनुभव पाहता ती सावधगिरी होती, असे आम्हांस वाटते.

२०१७ च्या आरंभी सीमेपलीकडच्या एका लहान बाजारपेठेत आम्हांस एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही आपापसांत मराठीत बोलत होतो ते ऐकून ते थांबले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, “साहेब, पुण्याचे काय?” कोथरूडच्या एका सोसायटीत त्यांनी बावीस वर्षे रखवाली केली होती. चहा झाला. मग त्यांनी फडक्याची पुरचुंडी सोडून पाचशेच्या सहा जुन्या नोटा बाकावर मांडल्या. आमच्याकडून बदलून हव्यात, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त नोटेवरच्या गव्हर्नरांच्या सहीवर बोट ठेवले आणि विचारले, “येथे लिहिले आहे, मी वचन देतो. हे वचन कोणाला दिले होते, साहेब?”

उत्तर आम्हांस सुचले नाही. काळा पैसा, बनावट नोटा, देशाचे हित ही सारी कारणे आम्हांस ठाऊक होती, आणि राज्यकारभारात अशा कारणांना वजन असते हेही आम्ही जाणतो. परंतु त्या बाकावर तीन हजार रुपये नव्हते, एका माणसाच्या बावीस वर्षांच्या इमानाचा काही अंश होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिबेटने विचारलेला प्रश्नच त्याने वेगळ्या शब्दांत विचारला होता : आम्ही चोख म्हणून घेतले, आता तोटा कोणी सोसावा?

भूतानचा पडोसा आणि आजची रीत

नेपाळप्रमाणेच भूतानातही आपला रुपया चालतो, मात्र त्याची रीत निराळी आहे. भूतानचे चांदीचे अर्धे रुपये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्याच्या टांकसाळीत पडले. १९७४ मध्ये राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास तेथे ‘ङुल्ट्रम’ हे स्वतःचे चलन आले आणि त्याची किंमत भारतीय रुपयाबरोबर एकास एक ठेवण्यात आली. तेथे त्रैराशिक करावे लागत नाही. नेपाळात करावे लागते. पण तेही अवघड नाही. पाच भारतीय म्हणजे आठ नेपाळी, एवढे सूत्र पाठ असले की पुरे. हजार नेपाळी रुपयांची शाल आपल्या हिशेबाने ६२५ रुपयांची.

पुढे यात्रेला निघणाऱ्या सभासदांसाठी या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगून ठेवतो. नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी भारतातून डॉलर वगैरे परकीय चलन मिळत नाही. आपला रुपयाच न्यावा लागतो. त्यातही शंभराच्या व त्याखालील नोटा नेणे सर्वांत निर्धोक. मोठ्या नोटांविषयीचे नियम दोन्ही देशांत वेळोवेळी बदलत आले आहेत, तेव्हा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर न विसंबता निघण्याच्या आठवड्यात चौकशी करावी. दुसरे असे की, नेपाळी नोटेवरील आकडे देवनागरी आणि अक्षरेही ‘रु.’ हीच, त्यामुळे भाव ठरविताना ‘आयसी की एनसी?’, म्हणजे भारतीय की नेपाळी, हे आधी विचारावे. निम्मी भांडणे तेथेच टळतात. तिसरे, सीमा ओलांडताच थोडी रक्कम अधिकृत सटही केंद्रावर नेपाळी करून घ्यावी आणि परतताना उरलेली तेथेच मोडावी. आपल्या गावी ती नोट केवळ मुलांच्या संग्रहास उपयोगी.

चौथी गोष्ट नव्या युगाची. जुलै २०२१ पासून भूतानात आणि मार्च २०२४ पासून नेपाळात आपल्या यूपीआयने क्यूआर चौकटीवर पैसे देण्याची सोय झाली आहे. काठमांडूच्या दुकानात चौकट टिपली की आपल्या खात्यातून रुपये जातात आणि दुकानदाराला नेपाळी रुपये मिळतात. जुन्या दर्शनी हुंडीचेच हे नवे रूप म्हणावयाचे : कागद गेला, पेढी राहिली, दोन्हीकडचे सावकार एकमेकांना ओळखतात म्हणूनच व्यवहार होतो. मात्र मुक्तिनाथच्या वाटेवर जेथे वारा सोडून दुसरे काही पोहोचत नाही, तेथे चहावाल्याला रोख नोटच द्यावी लागेल, हे विसरू नये.

आणि शक्य असेल तेथे त्यांच्याच चलनात पैसे द्यावेत. कायद्याने तसे करावयास हवे म्हणून नव्हे, किंबहुना दुकानदार तुमचा शंभराचा कागद हसतमुखाने घेईलही. परंतु त्या देशाने आपले नाणे आपल्याच बाजारात रुजविण्यासाठी किती वर्षे कष्ट केले ते आपण पाहिले. पाहुण्याने यजमानाच्या घरी यजमानाच्या ताटात जेवावे, तसेच हे आहे. परप्रांतात राहून, परक्या भाषेच्या लोकांत मिसळून, तरीही आपली ओळख जपण्याची धडपड आपले मंडळ गेली पन्नास वर्षे करीत आले आहे. लहान घराला आपल्या दाराची पाटी किती मोलाची असते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

नाणे चांदीचे असो, कागदाचे असो, की काचेवर उमटणाऱ्या आकड्यांचे असो, ते चालते देणाऱ्याच्या शब्दावर. मोठ्या देशाच्या नागरिकाला त्या शब्दाची किंमत सहसा कळत नाही, कारण त्याचा शब्द सर्वत्र घेतला जातो. शेजाऱ्याच्या बाजारात उभे राहिल्यावर ती कळते. तेथे आपण पुढे करतो त्या प्रत्येक नोटेबरोबर देशाचे नावही पुढे जात असते, आणि त्याला बट्टा लागू न देण्याचे काम सरकारचे जेवढे, तेवढेच नाक्यावरून पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे आहे.